वन्यजीव दुरुस्ती विधेयक आणि विदेशी सरपटणारे प्राणी पाळणारे आपण: समितीपुढे काय मांडावे?

रानवाट (पुणे), 12 जानेवारी 2022

17 डिसेंबर 2021 रोजी लोकसभेत मांडले गेलेले वन्यजीव (संरक्षण) दुरुस्ती विधेयक आता विज्ञान, तंत्रज्ञान, पर्यावरण, वने व हवामान बदल या विषयांच्या संसदीय स्थायी समितीपुढे आहे. जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने लोकांकडून लेखी सूचना मागवल्या आहेत. बॉल पायथन हा छोटा अजगर, इग्वाना हा सरडा, बोआ साप किंवा सल्काटा कासव पाळणाऱ्या प्रत्येकावर या विधेयकाचा थेट परिणाम होणार असल्यामुळे आपले म्हणणे एकत्रितपणे आणि वेळेत मांडले जावे, यासाठी हा धागा काढला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतीय अजगर, घोरपड, मांडूळ, तारा कासव किंवा आपल्याकडचा कोणताही साप घरात ठेवण्याचा प्रश्न येथे नाही. 1972 च्या कायद्याने या प्राण्यांना संरक्षण दिलेले आहे, ते योग्यच आहे आणि त्याविषयी या धाग्यावर चर्चा होऊ नये अशी विनंती आहे. प्रश्न आहे तो परदेशी मूळ असलेल्या आणि बहुतांशी पैदास केंद्रांत जन्मलेल्या प्राण्यांचा. आतापर्यंत हे प्राणी कायद्याच्या पकडीबाहेर राहिले. आयातीवर निर्बंध होते, पण एकदा प्राणी देशात आला की तो कोणाकडे आहे, कसा आहे, मेला की विकला गेला, याची नोंद कोठेही होत नव्हती. जून 2020 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऐच्छिक घोषणेची योजना आणली आणि सहा महिन्यांत माहिती देणाऱ्यांकडे जुनी कागदपत्रे मागितली जाणार नाहीत असे सांगितले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद केली. ती मात्र केवळ सूचना होती, कायदा नव्हता.

नव्या विधेयकात सहा अनुसूचींच्या चार अनुसूची होणार असून चौथ्या अनुसूचीत सायटिस या, वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या कराराच्या परिशिष्टांतील प्रजाती येतील. कलम 49एम नुसार अशा प्रजातीचा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला त्याची माहिती देऊन नोंदणी करावी लागेल. सर्वसाधारण उल्लंघनासाठीचा दंड 25,000 रुपयांवरून 1,00,000 रुपयांवर जाणार आहे. याशिवाय कलम 62ए द्वारे परक्या आक्रमक प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्राला मिळणार आहे.

नोंदणीला माझा विरोध नाही, उलट ती दहा वर्षे उशिरा येते आहे असे माझे मत आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. हा कायदा प्राणी निवडतो तो आंतरराष्ट्रीय व्यापारामुळे त्याच्या प्रजातीला किती धोका आहे या निकषावर. सायटिसचे कामच ते असल्यामुळे त्या कराराला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तीच यादी जशीच्या तशी उचलून पाळीव प्राण्यांच्या नियमनाचा पाया केली, तर काय घडते ते पाहा. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन परिशिष्ट दोनमध्ये असल्याने नोंदणीखाली येईल, अमेरिकेतला कॉर्न स्नेक सायटिसमध्ये नसल्याने येणार नाही. आणि ज्या एका प्राण्याने देशभरातल्या तळ्यांमध्ये खरोखर ठाण मांडले आहे, तो लाल कानाचा स्लायडर कासव, तोही सायटिसच्या यादीत नाही. दोन इंचांचे हिरवे पिल्लू मत्स्यालयाच्या दुकानात काही शे रुपयांना मिळते, वाढून मादी पंचवीस-तीस सेंटिमीटरची होते, तीस वर्षे जगू शकते, आणि टाकी पुरेनाशी झाली की मालक तिला जवळच्या तलावात किंवा देवळाच्या तळ्यात सोडतो. कित्येकांना तर आपण पुण्यच केले असे वाटते. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत हे नाव आहे आणि युरोपीय संघाने 1997 मध्येच त्याची आयात थांबवली.

म्हणून समितीला पाठवायच्या निवेदनात पुढील गोष्टी असाव्यात असे मला वाटते. स्लायडरसारख्या प्राण्यांना 62ए खाली तातडीने आणावे, नोंदणीसाठी पुरेशी आणि दंडमुक्त मुदत द्यावी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याला प्राणी सांभाळणे यापुढे शक्य नाही त्याला तो निर्धास्तपणे सुपूर्द करता येईल अशी जागा प्रत्येक विभागात असावी. विधेयकातील कलम 42ए मध्ये स्वेच्छेने सुपूर्द करण्याची तरतूद आहे, परंतु ती मालकी प्रमाणपत्र असलेल्यांसाठी आहे. ज्याच्याकडे कोणताच कागद नाही, त्याने काय करावे? घाबरलेला मालक पहिल्यांदा पिशवी घेऊन रात्री नदीकाठी जातो, हे आपल्याला सर्वांना ठाऊक आहे.

पशुवैद्य नाशिक, 13 जानेवारी 2022

रानवाट यांनी मांडलेल्या मुद्द्यांत मला एक भर घालायची आहे, आणि ती माझ्या दवाखान्यातल्या टेबलावरून घालतो.

माझ्याकडे येणाऱ्या इग्वानांपैकी बहुतेकांचा आजार एकच असतो. मालक कौतुकाने सांगतो की बघा, मांड्या किती भरल्या आहेत. प्रत्यक्षात ती चरबीही नसते आणि स्नायूही नसतो. हाडातले कॅल्शियम निघून गेल्यावर शरीर ती जागा तंतुमय ऊतींनी भरून काढू पाहते आणि पाय टणक सुजतो. खालचा जबडा अंगठ्याने हलकेच दाबला तर तो लवतो. क्ष-किरण चित्रात हाडांच्या कडा धूसर दिसतात, आणि कधीकधी कण्यात जुना, कोणाला न कळलेला अस्थिभंग सापडतो. कारण विचारावे तर आहार कोबी आणि काकडी, आणि ऊन मिळते ते खिडकीच्या काचेतून. हाडांना लागणारे अतिनील किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. ज्यांनी हे किरण देणारा यूव्हीबी दिवा लावलेला असतो, त्यांचाही दिवा दोन-दोन वर्षे बदललेला नसतो, कारण तो पेटतो आहे म्हणजे काम करतो आहे असे त्यांना वाटते. प्रकाश दिसत राहतो, पण यूव्हीबी सहा महिने ते वर्षभरातच उतरू लागते. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने आणि फुले आपल्या परसात फुकट मिळतात आणि इग्वाना ती आवडीने खातो, पण विकणाऱ्याने हे सांगितलेले नसते.

सल्काटा कासवाचे दुखणे वेगळे. हा आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल प्रदेशातल्या कोरड्या भूमीचा प्राणी. त्याला मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात फरशीवर ठेवले की जुलैमध्ये नाकातून स्राव सुरू होतो आणि ऑगस्टपर्यंत फुफ्फुसांना सूज आलेली असते. विकत घेताना ते तळहातावर मावते, मोठेपणी पन्नास किलोच्या घरात जाऊ शकते, आणि माणसाइतके जगते. वन-बीएचके सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला ते विकणाऱ्याला कोणताही कायदा आज जाब विचारत नाही.

नोंदणीमुळे प्राणी कोणाकडे आहे हे कळेल, पण तो कोणत्या अवस्थेत आहे हे कळणार नाही. म्हणून निवेदनात प्रजातीनुसार सांभाळाचे किमान निकष मागावेत: जागा, तापमान, आर्द्रता, आहार, आणि नोंदणीच्या वेळी पशुवैद्यकीय तपासणी. यामुळे आपल्यापैकी काहींची अडचण होईल हे मला समजते, पण ती व्हायलाच हवी.

घाटमाथा (कोल्हापूर), 13 जानेवारी 2022

मी सर्पमित्र आहे आणि वरील दोघांच्या भूमिकेशी मूलतः असहमत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एका रात्री वसाहतीच्या वाहनतळात घोणस शिरल्याचा फोन आला. लोकांनी काठ्या आणि फावडे तयार ठेवले होते. जाऊन पाहिले तर अंगाचे मुटकुळे करून, डोके आत दडवून बसलेला बॉल पायथन होता. घोणस असती तर फुत्कारली असती, हा मात्र जागचा हलत नव्हता. तपकिरी अंगावरचे डाग पाहून लोकांचा गैरसमज झाला, आणि आम्ही पाच मिनिटे उशिरा पोहोचलो असतो तर तो मेला असता. मालकाचा शोध लागला नाही, कारण कोणी पुढे आलेच नाही. त्या सापाचे पुढे काय करायचे हे वनविभागाच्या कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. त्याला रानात सोडता येत नाही, आणि बचाव केंद्रे आपल्याच जखमी प्राण्यांनी भरलेली आहेत.

आम्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ओळखायला शिकलो, कारण तेच लोकांना चावतात आणि आपल्याकडची प्रतिसर्पविष लस याच चौघांसाठी आहे. उद्या कोणी हौसेने परदेशी विषारी साप आणला आणि तो निसटला, तर चावलेल्या माणसाला आपल्या कोणत्याही रुग्णालयात उतारा मिळणार नाही. तेव्हा चाळीस नियम करण्यापेक्षा विदेशी साप घरगुती हौसेसाठी ठेवण्यावर सरसकट बंदी घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. साप हा कुत्र्यासारखा माणसाला ओळखणारा सोबती नाही, आणि त्याला काचेच्या पेटीत वीस-तीस वर्षे ठेवण्याची गरज प्राण्याची नसून आपली आहे.

निळाई (ठाणे), 14 जानेवारी 2022

घाटमाथा दादा, आपल्या कामाविषयी आदर आहे, पण सरसकट बंदीचा परिणाम आपण सांगितलेल्या वाहनतळातच दिसेल. आज ज्यांच्याकडे हे प्राणी आहेत ते बंदीच्या दुसऱ्या दिवशी नाहीसे होणार नाहीत. आमच्या परिसरातल्या एका गटात विधेयकाची बातमी आल्यापासून "फुकट देणे आहे, आजच घेऊन जा" अशा मजकुराचे संदेश वाढले आहेत. दोन इग्वाना कोणी नेले, कोठे नेले, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. ही अवस्था विधेयक नुसते मांडले गेले असताना आहे.

फ्लोरिडाकर, 9 फेब्रुवारी 2022

मी फ्लोरिडात राहतो आणि येथे हाच वाद ऐन भरात असल्यामुळे लिहितो. 4 फेब्रुवारीला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने अमेरिका कॉम्पीट्स कायदा मंजूर केला. तो मुख्यतः चीनशी औद्योगिक स्पर्धेविषयी आहे, पण त्यात लेसी कायद्यातील, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या तेथील जुन्या कायद्यातील, एक दुरुस्ती घालण्यात आली आहे. तिच्यानुसार सरकारच्या मान्य यादीत नसलेली कोणतीही परदेशी प्रजाती मुळातच हानिकारक समजली जाईल आणि तिची आयात व एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहतूक बंद होईल. सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांची येथील संघटना, युसार्क, सिनेट सदस्यांना पत्रे आणि दूरध्वनी करण्याची मोहीम चालवते आहे. याच संघटनेने मोठ्या अजगरांवरील 2012 च्या निर्बंधांविरुद्ध दावा लावला होता आणि 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मुख्य भूमीवरील राज्यांमधल्या वाहतुकीबाबत तिच्या बाजूने निकाल दिला.

तरीही केवळ पाळणाऱ्यांची बाजू घेऊन मला थांबता येत नाही. दक्षिण फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशातल्या बर्मी अजगरांचे काय झाले ते येथे प्रत्येकाला माहीत आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अजगर पसरल्यानंतर रस्त्यांवरील पाहणीत रॅकून आणि ओपोसम या लहान सस्तन प्राण्यांपैकी रॅकून दिसण्याचे प्रमाण 99.3 टक्क्यांनी आणि ओपोसम दिसण्याचे प्रमाण 98.9 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्या अजगरांची सुरुवात पाळीव प्राण्यांच्या व्यापारातूनच झाली. येथील पाळणाऱ्यांपैकी अनेकांना हे मान्य करणे जड जाते, आणि त्यामुळेच त्यांचे बाकीचे योग्य मुद्देही लोक ऐकत नाहीत असे मला वाटते.

आपल्या निवेदनासाठी उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मात्र फ्लोरिडाने केली आहे. 2006 पासून राज्याचे वन्यजीव खाते विदेशी पाळीव प्राण्यांसाठी अभय योजना चालवते. सांभाळणे जमत नसेल तर प्राणी आणून द्यावा, परवाना होता की नव्हता हे विचारले जात नाही, दंड नाही, आणि प्राणी आधीच पारखून ठेवलेल्या दुसऱ्या पालकाकडे दिला जातो. मागील वर्षी एप्रिलमध्ये हिरवा इग्वाना आणि टेगू हा मोठा सरडा यांवर निर्बंध आले, तेव्हाही ज्यांच्याकडे ते आधीपासून होते त्यांना जुलैअखेरपर्यंत मुदत देऊन, शरीरात ओळखचिप बसवण्याच्या अटीवर विनाशुल्क परवाने दिले गेले.

रानवाट (पुणे), 11 फेब्रुवारी 2022

फ्लोरिडाकर यांचे मनापासून आभार. अभय योजनेचा मुद्दा आपल्या निवेदनात नव्हता, तो पुरवणी म्हणून पाठवत आहे.

घाटमाथा, आपल्या आक्षेपातला प्राण्याच्या गरजेचा भाग मी टाळणार नाही. बॉल पायथनला माझी गरज नाही, हे खरे आहे. पण जो आज येथे आहे, त्याला परत घानाला किंवा टोगोला पाठवणे शक्य नाही, आणि मरेपर्यंत त्याला उष्ण बाजूला एकतीस-बत्तीस अंश, थंड बाजूला पंचवीस-सव्वीस अंश तापमान आणि पुरेशी आर्द्रता कोणीतरी द्यावीच लागणार आहे. ते काम ज्यांना येते त्यांना कायद्याने उजेडात आणावे, एवढेच मागणे आहे. नवीन आयात पूर्ण थांबवली तरी माझी हरकत नाही. पैदासीवर कडक परवाना आला तरीही नाही.

रानवाट (पुणे), 10 मार्च 2024

धागा मुद्दाम वर काढतो आहे. दरम्यान बरेच घडले. विधेयक 2 ऑगस्ट 2022 रोजी लोकसभेत आणि 8 डिसेंबर 2022 रोजी राज्यसभेत मंजूर झाले, आणि दुरुस्त कायदा 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला. आता 28 फेब्रुवारी 2024 रोजी जिवंत प्राणी प्रजातींची माहिती व नोंदणी यांविषयीचे नियम प्रसिद्ध झाले आहेत. चौथ्या अनुसूचीतील प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सहा महिन्यांच्या आत परिवेश 2.0 या संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा आहे, आणि यापुढे प्राणी ताब्यात आल्यास तीस दिवसांत. शुल्क एक हजार रुपये. जन्म, मृत्यू आणि हस्तांतर यांची माहितीही तेथेच द्यायची आहे.

नियमांचा भर नोंदीवर आहे. प्रजातीनुसार सांभाळाच्या निकषांची पशुवैद्य नाशिक यांची मागणी त्यांत उतरलेली नाही. कागद नसलेल्यांसाठीच्या अभय केंद्रांचीही नाही. 62ए चे कलम कायद्यात आले, तेव्हा स्लायडरसाठी पाठपुरावा करण्याची जागा तरी आपल्याला मिळाली आहे. अमेरिकेतील ती दुरुस्ती अंतिम कायद्यातून वगळली गेली, हे फ्लोरिडाकर यांनी मागे व्यक्तिगत निरोपातून कळवले होते.

घाटमाथा (कोल्हापूर), 12 मार्च 2024

माझे मत बदललेले नाही, आणि मागील डिसेंबरची घटना त्याला बळ देते. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत कोंबलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले. जिवंत सापांना पाकिटात बंद करून हजारो किलोमीटर आणण्याचे धाडस लोक करतात, कारण येथे ते विकत घेणारे आहेत. नोंदणीकृत प्राण्याच्या नावावर चोरून आणलेला प्राणी खपवला जाणार नाही, याची खात्री कोण देणार? आपण सर्वजण प्रामाणिक आहात असे गृहीत धरले तरी बाजार प्रामाणिक नाही.

मात्र अभय केंद्राच्या मागणीवर माझी सही घ्यावी. वाहनतळातल्या त्या सापासाठी मला रात्री एक वाजता फोन करायला जागा हवी होती.

पशुवैद्य नाशिक, 12 मार्च 2024

घाटमाथा यांच्या प्रश्नावर ओळखचिप हेच उत्तर आहे. मोठ्या सापाला आणि कासवाला ती बसवता येते आणि नोंदणी क्रमांकाशी जोडता येते. पिल्लांच्या बाबतीत अडचण आहे. तेथे अंगावरच्या खुणांची स्पष्ट छायाचित्रे, विशेषतः बॉल पायथनच्या दोन्ही कुशींची आणि कासवाच्या पोटाकडील कवचाची, दरवर्षी नव्याने जोडण्याची अट असावी. प्राणी मेल्यास शवविच्छेदन करून घ्यावे, मग नियम मागोत किंवा न मागोत. एका क्रमांकावर दुसरा प्राणी चालवण्याची वाट त्यामुळे बरीच बंद होते.

निळाई (ठाणे), 4 ऑगस्ट 2024

मुदत 28 ऑगस्टला संपते आहे आणि आमच्या गटातले अनेकजण अजून थांबलेले आहेत. 2020 मध्ये घोषणा केली होती, आता पुन्हा कशाला, असे काहीजण म्हणतात. मी स्वतः जुन्या घोषणेची प्रत जोडून नव्याने अर्ज केला आहे. ज्यांनी त्या वेळी काहीच जाहीर केले नाही ते अधिक घाबरलेले आहेत. त्यांना काय सांगावे?

रानवाट (पुणे), 5 ऑगस्ट 2024

निळाई ताई, त्यांना अर्ज करायलाच सांगावे, आणि तोही शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता, कारण त्या दिवसांत संकेतस्थळ मंदावते. प्राणी कधी आणि कोणाकडून आला हे जसे घडले तसे लिहावे. पावती असल्यास जोडावी, नसल्यास खोटी तयार करून जोडू नये. चारही बाजूंची छायाचित्रे, निवासाच्या पेटीचे मोजमाप आणि पशुवैद्याचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. कॉर्न स्नेक पाळणाऱ्यांना आज ही नोंदणी लागू नाही, तरी त्यांनीही खरेदीचे कागद आणि छायाचित्रे सांभाळून ठेवावीत. ज्यांना प्राणी ठेवणे शक्य नाही त्यांनी तो अनोळखी माणसाला देऊ नये, या धाग्यावर कळवावे, आपण अनुभवी पालक शोधू आणि हस्तांतराची नोंद रीतसर करू.

राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी केला आहे. त्यात दोनच मागण्या ठेवल्या आहेत. प्रत्येक वनवृत्तात वर्षातून किमान एकदा, कागदपत्रे न विचारता विदेशी प्राणी स्वीकारण्याचा दिवस जाहीर करावा आणि त्या दिवशी स्लायडरही स्वीकारावेत, ही पहिली. सर्पमित्रांना विदेशी सापांच्या ओळखीचे प्रशिक्षण द्यावे आणि असा साप सापडल्यास तो ठेवण्यासाठी तापमान राखणाऱ्या पेटीची सोय विभागीय कार्यालयात असावी, ही दुसरी. या दुसऱ्या मागणीतला मजकूर घाटमाथा यांनी तपासून दिला आहे. पशुवैद्य नाशिक यांनी पेटीचे तपशील भरून द्यावेत. ज्यांना सही करायची आहे त्यांनी गाव आणि पाळलेल्या प्राण्याची प्रजाती मला व्यक्तिगत निरोपातून रविवारपर्यंत कळवावी, सोमवारी पत्र टपालात टाकतो.